वर्दी उतरल्यावरचे दोन महिने

सैनिक आणि नोकरी हे दोन शब्द एकत्र आले की आपल्या डोळ्यांपुढे निवृत्त माजी सैनिक उभा राहतो. बँकेच्या दारातला रखवालदार, नाहीतर राखीव जागेवर लागलेला कारकून. आज मी वेगळ्या माणसाबद्दल बोलणार आहे. त्याला नोकरी आहे आणि ती सोडायची त्याची इच्छा नाही. पण बोलावणे आले की तो मशीन बंद करून जातो आणि काम झाले की परत येतो. हा प्रादेशिक सेनेचा जवान. अर्थात आमच्या कोल्हापुरात प्रादेशिक सेना म्हटले तर कोणाला कळायचे नाही. इथे सगळे ‘टी.ए. बटालियन’च म्हणतात.

या सेनेचा कायदा १९४८ चा. ९ ऑक्टोबर १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. एरवी आपापला कामधंदा करायचा, वर्षातून साधारण दोन महिने प्रशिक्षणाला जायचे आणि गरज पडली की नियमित सैन्याच्या पाठीशी उभे राहायचे, अशी ही योजना. दोन महिन्यांची गैरहजेरी कारखाना कुरकुरत का होईना सोसतो. खरा प्रश्न येतो तो बटालियन प्रत्यक्ष सेवेत उभी केली जाते तेव्हा. मे २०२५ मध्ये निघालेल्या अधिसूचनेत ३२ पायदळ बटालियनपैकी १४ बटालियन सेवेत घेण्याची तरतूद होती आणि मुदत होती फेब्रुवारी २०२५ ते फेब्रुवारी २०२८. म्हणजे तीन वर्षे! तीन वर्षांनी त्या जवानाची जागा कुठे असणार?

कायद्याचे उत्तर स्वच्छ आहे. अशा माणसाला परत कामावर घेणे हे मालकाचे कर्तव्य आहे. तेही मिळेल त्या कामावर नव्हे. नोकरीत खंड पडला नसता तर त्याला ज्या अटी लागू झाल्या असत्या, त्यांपेक्षा कमी अटींवर घेता येत नाही. हे वाक्य नीट ऐका, कारण पुष्कळ मालकांना आणि खुद्द जवानांनाही वाटते की जुना पगार दिला की झाले. अमेरिकेत १९४६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने यासाठी सरकत्या जिन्याची उपमा वापरली. परतलेला सैनिक जिथे उतरला त्या पायरीवर चढत नाही; तो जिन्यावरच थांबला असता तर जिथे पोहोचला असता, तिथे चढतो. आपल्या कायद्यातही आशय तोच आहे. मधल्या काळात बरोबरीच्यांना मिळालेली पगारवाढ त्यालाही धरायची.

आणखी एक बारकावा. बोलावण्याचा हुकूम निघाल्यावर मालकाने घाईघाईने कामावरून काढले, तर जबाबदारी टाळण्यासाठीच काढले असे कायदा गृहीत धरतो. तसे नव्हते हे सिद्ध करणे मालकाच्या माथी. हे कलम लिहिणाऱ्याला कारखानदारी चांगली ठाऊक असावी!

मात्र एक अट आहे आणि घोडे नेमके तिथेच अडते. सेवा संपल्यापासून दोन महिन्यांत मालकाकडे कामावर घेण्याची मागणी करावी लागते. ती केली नाही, तर मालकाला तेवढाच बचाव पुरतो.

मी कामगार अधिकारी म्हणून काम केले त्या काळातला एक टर्नर मला आठवतो. कारखान्याचे नाव सांगत नाही. दोन वर्षांनी तो परत आला तेव्हा त्याच्या लेथच्या जागी संगणकावर चालणारे नवे मशीन होते. ‘हेल्पर म्हणून ये, पुढे बघू,’ असे त्याला साहेबांनी सांगितले. तो बिचारा दर सोमवारी गेटवर येई, साहेबांना भेटे, चहा घेई आणि परत जाई. तोंडी बोलण्यात सात आठवडे गेले. मी त्याला म्हटले, ‘आबा, चहा पुरे झाला, आता अर्ज दे आणि पोच घे.’ अर्ज आल्यावर मात्र व्यवस्थापनाची भाषा बदलली. त्याला नव्या मशीनवर शिकायला बसवले आणि राहिलेल्या दोन्ही पगारवाढी लावल्या. अर्ज तेवढा अर्ध्या पानाचा होता.

मालकाची बाजूही आहे. दहा-बारा माणसांच्या वर्कशॉपमध्ये बदली कामगार घेतलेला असतो, त्यालाही पोरंबाळं असतात. म्हणून वाद झाला तर दोघांपैकी कोणीही तो नेमलेल्या प्राधिकाऱ्यापुढे नेऊ शकतो. प्राधिकारी मालकाला सूट देऊ शकतो, कामावर घ्यायला लावू शकतो किंवा भरपाई द्यायला सांगू शकतो. पण ही भरपाई जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या पगाराएवढी आणि हुकूम मोडल्याचा दंड एक हजार रुपयांपर्यंत! हा दंड ठरला तेव्हा हजार रुपये मोठी रक्कम होती. आज एखाद्या कंपनीच्या दिवाळीच्या मिठाईचे बिलही त्याहून मोठे असते. तीन वर्षे सीमेवर काढणाऱ्याची नोकरी सहा पगारांत मिटवता येत असेल, तर हे आकडे बदलले पाहिजेत असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याहून अवघड स्थिती कंत्राटी कामगाराची. तो गेला तेव्हा एक ठेकेदार होता, आला तेव्हा दुसरा. मालक म्हणून बोट कोणाकडे दाखवायचे? आज आमच्या औद्योगिक वसाहतींत कितीतरी तरुण पोरे अशीच ठेक्यावर आहेत आणि भरतीच्या रांगेत पहाटेपासून उभी राहणारीही हीच पोरे.

तेव्हा जाताना बोलावण्याच्या हुकमाची प्रत कचेरीत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. भविष्य निर्वाह निधीचे हक्क सेवाकाळातही कायद्याने राखलेले आहेत, त्याबद्दल तेव्हाच लेखी विचारा. परत आल्यावर सेवा संपल्याच्या दाखल्याची प्रत जोडून अर्ज करा, शक्य तर पहिल्याच आठवड्यात. अर्ज घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावती जपून ठेवा आणि एक प्रत आपल्या बटालियनच्या कचेरीतही द्या.