रांजणावरची सही



आम्ही पेशाने डॉक्टर. कलासमीक्षा हा आमचा प्रांत नव्हे. परंतु आज ज्या कलेविषयी आम्हांला बोलायचे आहे ती राबणाऱ्या हातांची कला आहे, आणि हात पाहणे हे तर आमचे नित्याचे काम.

ज्या देशात आपण वास्तव्य करतो त्या देशातील साउथ कॅरोलिना राज्यात एजफिल्ड नावाचा प्रदेश आहे. एकोणिसाव्या शतकात तेथे गुलाम कुंभार मालकासाठी भांडी घडवीत. डेव्ह हा त्यांतीलच एक. आपल्या रांजणांवर ओल्या मातीत तो तारीख कोरी, सही करी आणि कधी कधी दोन ओळींचे पद्यही लिही. १८३४ साली त्या राज्याने गुलामांना लिहावयास-वाचावयास शिकविणे हा गुन्हा ठरविला. (आपल्याकडे त्यासाठी कायदेमंडळाची गरजही भासली नव्हती.) तरीही डेव्ह लिहीत राहिला. १८५७ सालच्या एका रांजणावर तर आपले गणगोत कोठे गेले, असा प्रश्नच त्याने कोरून ठेवला आहे.

१८५९ साली बॅडलर या सहकाऱ्यासह त्याने सुमारे ४० गॅलनचे, म्हणजे दीडशे लिटर मावेल एवढे, रांजण घडविले. असे भांडे एका दमात चाकावर उभे राहत नाही. खालचा भाग चाकावर उचलावयाचा, त्यावर मातीच्या वळकट्या चढवीत भिंत वाढवावयाची, आणि स्वतःच्या भाराने ती खचू नये म्हणून माती किती सुकली हे बोटांनी जोखावयाचे. शल्यविशारदाच्या बोटांना याहून निराळे कौशल्य लागते असे आम्हांस वाटत नाही. फरक एवढाच की त्या बोटांची किंमत मालक वसूल करीत असे.

आजच्या काही कृष्णवर्णीय कलावंतांनी हा धागा उचलला आहे. शिकागोचे थिएस्टर गेट्स स्वतः कुंभारकाम शिकलेले आहेत. त्यांनी २०१० साली मिलवॉकीच्या कलासंग्रहालयात डेव्हवर प्रदर्शन मांडले. त्यांचे वडील छपरांवर डांबर घालण्याचे काम करीत. तेच डांबर गेट्स आपल्या चित्रांत वापरतात. सिमोन ली यांनी २०२२ साली व्हेनिसमध्ये, जमैकातील एका जुन्या छायाचित्रावरून, पाण्यात ओणवी होऊन कपडे धुणारी स्त्री ब्राँझमध्ये उभी केली. एरवी ब्राँझचा मान सेनापतींना मिळतो. २०२५ साली बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयाने डेव्हच्या दोन रांजणांवर त्याच्या वंशजांचा हक्क मान्य केला व त्यांपैकी एक त्यांच्याकडून रीतसर विकत घेतला. आमच्या मते या साऱ्या हकिकतीत सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच. कौतुक पूर्वीही होत होते, हक्क मात्र नव्हता.

मुंबईतही असा एक प्रयत्न चालला आहे. महाराष्ट्रात २०१५ साली गोवंशहत्याबंदी आली आणि चामड्याचे कारागीर अडचणीत आले. सुधीर राजभर या कलावंताने २०१८ साली अशा कारागिरांसह टाकाऊ रबरापासून पिशव्या घडविण्यास प्रारंभ केला आणि जो शब्द शिवी म्हणून फेकला जाई तोच आपल्या उद्योगास दिला : चामार स्टुडिओ.

येथे आमच्या मनात एक शंका उभी राहते, ती लपविण्याचे कारण नाही. जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची नव्हे, तर श्रमिकांचीच विभागणी आहे, असे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले. वडिलोपार्जित धंदा सोडूनच आपले वाडवडील माणसांत आले. मग आज त्या धंद्याचा गौरव करणे म्हणजे मागल्या दाराने त्यालाच पुन्हा बांधून घेणे नव्हे काय? ज्याला दुसरे काही करण्याची मोकळीक आहे त्याने हातात आरी घेतली तर ती कला, ज्याला नाही त्याच्या हाती ती बेडी. कलादालनातील मंडळींना हा भेद उमजतोच असे नाही. आपल्याला मात्र तो विसरता येणार नाही.

तथापि धंदा सोडताना त्यातील ज्ञानही आपण टाकून दिले. चामडे कमावताना कोणती साल किती दिवस भिजत घालावयाची, हे आपल्या घरांतून आता कोण सांगू शकेल? या सभागृहात अनेकांचे वृद्ध आईवडील बसले आहेत. त्यांना हत्यारांची नावे ठाऊक आहेत, कामाची पद्धत ठाऊक आहे. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत काही पाने त्यांच्यासाठी राखून ठेवावीत, आणि त्या पानांवर ज्याचे ज्ञान त्याचे नाव पूर्ण छापावे, एवढी विनंती आम्ही संपादक मंडळास करतो.