वार्धक्य, कोलेस्टेरॉल आणि पक्षाघात

घरांतील आजोबांनीं पंचाऐंशी ओलांडली, रक्ततपासणीचा कागद हातीं आला आणि त्यांत कोलेस्टेरॉलचा आंकडा अंमळ चढलेला दिसला, कीं दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या ताटांतील तूप बंद होतें. सुनेचा हेतु चांगलाच असतो. तिला भीति असते पक्षाघाताची. पण या वयांत त्या आंकड्याचा आणि पक्षाघाताचा संबंध कितपत असतो?

कोलेस्टेरॉल हा मेणासारखा पदार्थ. पेशींच्या आवरणाला तो अवश्य लागतो व बराचसा यकृतांतच तयार होतो. रक्तांत तो फार वाढला म्हणजे रोहिणींच्या भिंतींत सांचून त्यांचा मार्ग अरुंद करतो. मध्यम वयांत त्यामुळें हृदयविकाराचा धोका वाढतो, हें निर्विवाद आहे. पक्षाघात मात्र दोन प्रकारचा असतो: एकांत मेंदूची रोहिणी गुठळीनें बंद होते, दुसऱ्यांत ती फुटून रक्तस्राव होतो. चढत्या कोलेस्टेरॉलचा दोष असेल तर तो मुख्यतः पहिल्यांत.

सुमारें ९ लक्ष व्यक्तींच्या ६१ पाहण्यांचा एकत्रित निष्कर्ष २००७ सालीं प्रसिद्ध झाला. सत्तरीपुढें, अधिक कोलेस्टेरॉल असणारांत पक्षाघाताचे मृत्यु अधिक होतात, असें त्यांत आढळलें नाहीं. हृदयविकाराशीं असलेला संबंध मात्र क्षीण होऊनहि टिकून राहिला. हॉलंडांतील लायडन शहरीं ८५ वर्षांवरील ७२४ व्यक्तींवर दहा वर्षें लक्ष ठेवण्यांत आलें. १९९७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्या वृत्तान्तानुसार अधिक कोलेस्टेरॉल असणारेच अधिक जगले. कर्करोग व संसर्ग यांनीं त्यांच्यांतील कमी माणसें दगावलीं.

यावरून तूप हेंच अमृत, असा अर्थ काढणें घाईचें होईल. जुनाट रोग, अशक्तता व उपासमार यांनीं कोलेस्टेरॉल आपोआप उतरतें. म्हणून अतिवृद्धाचा आंकडा कारणावांचून घसरूं लागला, तर आनंद मानण्यापेक्षां त्याची भूक व वजन तपासून घ्यावें.

पक्षाघात टाळण्यासाठीं या वयांत पहिलें लक्ष हवें तें रक्तदाबाकडे. ८० वर्षांवरील ३,८४५ रुग्णांच्या, २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, रक्तदाब औषधानें उतरविल्यावर पक्षाघात सुमारें ३० टक्क्यांनीं आणि एकंदर मृत्यु २१ टक्क्यांनीं घटले. दुसरें लक्ष नाडीकडे. तिचा ठेका अनियमित असेल, तर हृदयांत गुठळी होऊन ती मेंदूकडे जाण्याचें भय असतें.

पूर्वीं हृदयविकार अथवा पक्षाघात होऊन गेलेल्यांनीं कोलेस्टेरॉलचें औषध आपल्या मनानें सोडूं नये; तो निर्णय डॉक्टरांचा. तसाच चमचाभर तुपाचा निर्णयहि, आजोबांची प्रकृति पाहून, त्यांच्या सल्ल्यानेंच व्हावा. घरच्यांनीं मात्र एवढें ध्यानांत ठेवावें: तोंड वांकडें झालें, हात लुळा पडला किंवा बोलणें अडखळूं लागलें, तर ‘सकाळपर्यंत पाहूं’ असें न म्हणतां रुग्णाला त्याच क्षणीं रुग्णालयांत न्यावें.