हयातीचा दाखला

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



माणूस गेला की त्याचा दाखला काढावा लागतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण माणूस गेलेला नाही याचाही दाखला काढावा लागतो, हे फक्त पेन्शनवाल्यांच्या घरी कळतं. दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे होतात न होतात, तोच नोव्हेंबर येतो आणि आमच्याकडे 'हयातीचा दाखला' हा विषय निघतो. दाखला दिला नाही तर पेन्शन थांबते. सरकारचंही चूक नाही म्हणा. काही घरांत माणूस जातो आणि त्याची पेन्शन मात्र पुढे बरीच वर्षं खडखडीत जिवंत असते!

आमचं गाव नांदुरा, जिल्हा बुलडाणा. पुण्या-मुंबईकडचे लोक हटकून विचारतात, "म्हणजे नंदुरबार का?" नाही हो. नंदुरबार तिकडे खानदेशात, आम्ही वऱ्हाडातले. मलकापूर आणि शेगाव यांच्या मध्ये, मुंबई-नागपूर रेल्वेवरचं हे तालुक्याचं गाव. हायवेनं जाणाऱ्यांना ते ठाऊक असतं १०५ फुटी मारुतीमुळे. मारुतीराया सात चिरंजीवांपैकी एक. आमचे हे म्हणतात, "गावात त्याले एकट्यालेच हयातीचा दाखला लागत नाही. बाकी आम्ही सारे लायनीत."

हे रेल्वेत कीमन होते. कीमन म्हणजे रोज ठरलेल्या पट्ट्यातून रुळांच्या कडेनं पायी चालायचं, रूळ धरून ठेवणारी एकेक चावी पाहायची, सैल असली की हातोड्यानं ठोकायची. ऊन असो, पाऊस असो, खांद्यावर हत्यारं आणि हातात लाल-हिरवी झेंडी. २००६ साली ते निवृत्त झाले. हातोडा गेला, पण सवयी राहिल्या. अजूनही रस्त्यानं चालताना नजर खालीच असते. आणि वेळेच्या बाबतीत तर विचारूच नका.

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. बँक दहाला उघडते, हे साडेआठलाच टोपी घालून ओट्यावर उभे. म्हटलं, "अजी, इतक्या लवकर जाऊन बँकेचं कुलूप पाहायचं का?" तर म्हणाले, "गाडी आपल्यासाठी थांबत नसते." निघालो. वीस पावलं गेलो नाही तोच माझ्या चपलेचा अंगठा तुटला. चांभारदादा अजून यायचे होते. बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढून अंगठा टाचला. हे म्हणाले, "चावी सैल होती. काल सांगतलं असतं त ठोकून देली असती."

बँकेत आधीच गर्दी. कापसाचे दिवस, चुकाऱ्याचे पैसे काढायला खेड्यापाड्यांतून माणसं आलेली. पूर्वी दाखल्याचं काम सोपं होतं. छापील कागदावर सही करायची, साहेब मान वर करून पाहायचे, "काय बाबा, बरं आहे ना?" विचारायचे आणि शिक्का मारायचे. पुढे १० नोव्हेंबर २०१४ रोजी केंद्र सरकारनं 'जीवन प्रमाण' नावाची योजना सुरू केली. आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा दिला की दाखला संगणकावरच तयार. कागदाचा दाखला आजही चालतो, पण या वेळी बँकेनं संगणकाचं वेगळं टेबल मांडलं होतं आणि मागे आमच्या नातीच्या वयाची एक हसरी मुलगी बसली होती. हे तिच्याचकडे गेले.

ती म्हणाली, "आजोबा, मोबाइल काढा, ओटीपी येईल."

ह्यांचा मोबाइल म्हणजे सोन्याचा दागिना. आधी प्लास्टिकची पिशवी, तिच्यात रुमाल, रुमालात मोबाइल, तोही बंद! बॅटरी जपायची असते ना. तो सुरू होईपर्यंत मागच्या रांगेनं दोनदा खाकरून घेतलं. अखेर ओटीपी आला. मुलगी म्हणाली, "सांगा." ह्यांनी मोबाइल छातीशी धरला. म्हणाले, "नाही सांगत. ओटीपी कोणालेच सांगू नका म्हणतात."

आता यात काय चुकलं? हयातीच्या दाखल्याच्या नावानं फोन करून म्हाताऱ्यांची खाती रिकामी करणारे लोक आहेतच. बँक असा ओटीपी कधी फोनवर मागत नाही, हे ध्यानात ठेवायलाच हवं. पण इथे तर आपण स्वतः बँकेत उभे! हे ऐकेनात. मुलगी शहाणी. तिनं कीबोर्डच ह्यांच्यापुढे सरकवला, "तुम्हीच टाका." हे एकेक आकडा शोधून हातोड्यासारखं बोट आपटायला लागले. तोवर मुदत संपली. दुसरा ओटीपी आला तो मी टाकला.

मग मुलीनं अर्जातले प्रश्न विचारले. "सेवानिवृत्तीनंतर पुन्हा नोकरी केली का?" "नाही." "पुन्हा लग्न केलं का?"

सगळी रांग हसायला लागली. हे माझ्याकडे बोट दाखवून गंभीरपणे म्हणाले, "हिले विचारा."

आता पाळी ठशाची. उजवा अंगठा ठेवला, मशीन नाही म्हणालं. डावा ठेवला, नाही म्हणालं. मग तर्जनी झाली, मधलं बोट झालं, दहाही बोटं झाली. रांगेतले सगळे वैद्य झाले. कुणी म्हणे हात धुवा, कुणी म्हणे खोबरेल लावा, कुणी म्हणे फडक्यानं खसखसून पुसा. एका मावशींनी पिशवीतलं लिंबूच पुढे केलं. सगळं झालं, पण मशीन ऐकेना. इतकी वर्षं लोखंड हाताळलेली ती बोटं, रेषा राहणार कुठून? मुलगी म्हणाली, "आजोबा, कागदाचा दाखला करून टाकू या." पण आता ह्यांच्या मानाचा प्रश्न झाला होता. "मी इथं जिता उभा हावो, अन् हे मशीन मले नाही म्हणते? आता याच्याकूनच होय म्हणून घेतो."

मुलीला आठवलं, २०२१ पासून चेहऱ्यावरूनही दाखला काढता येतो. तिनं स्वतःचा मोबाइल ह्यांच्या तोंडापुढे धरला आणि म्हणाली, "आजोबा, कॅमेऱ्याकडे पाहा आणि डोळे मिचकवा."

"काय करू?"

"डोळे मिचकवा."

हे एकदम मागे सरले. "पोरी, नातवंडंवाला माणूस हावो मी. या वयात कोणाले डोळा मारू?"

हसून हसून मुलीचा मोबाइल हलायला लागला. तिनं समजावून सांगितलं, की समोर माणूसच आहे, फोटो धरलेला नाही, हे कळायला पापणी हलावी लागते. हे तयार झाले, पण पापणी काही हलेना. ताठ उभे राहून टक लावून पाहताहेत, जणू मेल गाडी येते आहे. तिसऱ्यांदा वेळ संपली तेव्हा माझ्या लक्षात आलं. रुळाच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाची नजर गाडी पार निघून जाईपर्यंत ढळत नाही. मी मागून म्हटलं, "अजी, गाडी गेली."

पापण्या मिटल्या. पुन्हा उघडल्या. मोबाइल टुणकन वाजला आणि आमचे हे सरकारी दृष्टीनं जिवंत झाले.

काम इथेच संपायचं. पण मुलगी चौकस निघाली. पेन्शनचा आदेश, ज्याला पीपीओ म्हणतात, त्याची प्रत आणि आमच्या दोघांचं पासबुक तिच्यासमोर होतं. दोन्हीकडे पाहून तिनं विचारलं, "आजोबा, पीपीओवर तुमच्या पत्नीचं नाव वेगळं आहे. ह्या आजी कोण?"

रांग पुन्हा हसली. या वेळी मला मात्र हसू आलं नाही.

आपल्याकडे लग्नात नाव बदलायची रीत आहे. ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीनं नवं नाव लिहितात. माझं सासरचं नाव वेगळं. रेल्वेच्या कागदांत तेच गेलं, कारण घरीदारी तेच होतं. शाळेच्या दाखल्यावर मात्र माहेरचं नाव, आणि आधार कार्ड त्या दाखल्यावरून निघालं. बँकेचं खातं आधारवरून. म्हणजे कागदोपत्री ह्यांच्या दोन बायका, एक रेल्वेची आणि एक आधारची!

मुलीनं आवाज खाली आणून सांगितलं, "आजोबा असेपर्यंत काही अडणार नाही. पण पुढे आजींना फॅमिली पेन्शन मिळायची वेळ आली, तर पीपीओवरची बाई आपणच, हे आजींना सिद्ध करावं लागेल. तेही एकटीनं. तुम्ही दोघं आहात तोवर दुरुस्त करून घ्या."

बाहेर पडलो. समोरच्या टपरीवर चहा सांगितला. ह्यांनी बशीत ओतला आणि तसाच राहू दिला.

श्रोतेहो, हा विषय आमच्या घरी इतक्या वर्षांत कधी निघाला नव्हता. कसा निघणार? मी ओठांवर आणलं असतं तर घरातल्या म्हाताऱ्या म्हणाल्या असत्या, सवाष्णीनं असं बोलू नये, वास्तुपुरुष तथास्तु म्हणतो. आणि पुरुषमाणूस आपणहून काढत नाही. मलाही वाटायचं की विचारावं, तुमच्या मागं मला किती मिळेल, कागद कुठे ठेवले आहेत. पण विचारलं तर ह्यांना वाटेल, बायको हिशेब मांडून बसली. म्हणून नोव्हेंबर यायचा, ह्यांचा दाखला व्हायचा आणि माझा प्रश्न तसाच राहायचा.

हे बशीकडे पाहत म्हणाले, "माह्या मांगं तुले एवढा तरास होईन, हे मले कोणी सांगतलंच नाही."

मग स्वतःच हिशेब सांगायला लागले. शेवटच्या मूळ पगाराच्या ३० टक्के, वर महागाई भत्ता. कपाटात खालच्या कप्प्यात निळी फाइल. सेवापुस्तकाच्या पानांची प्रत तिच्यात. सगळं माहीत होतं त्यांना! म्हणाले, "सांगाचं होतं. पण सांगतलं त तू रडशीन, असं वाटे." मी म्हटलं, "रडले असते थोडी. मग फाइल पाहिली असती."

चहा गार झाला होता. दुसरा सांगितला.

त्याच दिवशी तहसीलच्या आवारात गेलो. अर्जनवीसांनी प्रतिज्ञापत्र टाइप केलं : दोन्ही नावांची स्त्री एकच असून ती मीच आहे. झेरॉक्सच्या दुकानात गेलो तर वीज गेलेली. तासभर बसलो. हे शेजारच्या माणसाला सांगत होते, "दोन बायका हायेत कागदावर. पण दोघीयचा सयपाक सारखाच." मग अर्जासोबत लावायला दोघांचा फोटो हवा म्हणून स्टुडिओत गेलो. फोटोवाला म्हणाला, "आजी, जरा जवळ सरका." मी सरकले, तर पिन निसटून चप्पल पायातून सुटली. फोटोवाला म्हणाला, "आजोबा, इकडे पाहा." ह्यांनी विचारलं, "डोळे मिचकवाचे का?"

दहा वाजताचं तासाभराचं काम आटोपून घरी पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती.

अर्ज गेला. मध्ये एकदा आणखी एक कागद मागितला, तो दिला. काही महिन्यांनी दुरुस्त झालेला आदेश आला. आता रेल्वेची आणि आधारची बाई एकच आहे. हे तो कागद शेजाऱ्यांना दाखवत होते, "एक बायको कमी झाली."

माझ्या वयाच्या बहिणींना आणि त्यांच्या 'ह्यांना' एवढंच सांगते. एखाद्या दुपारी दोघांनी मिळून पीपीओ, आधार आणि पासबुक शेजारी शेजारी ठेवा. नाव पाहा, जन्मतारीख पाहा. नाव जुळत नसेल तर दोघं असतानाच दुरुस्त करा, कारण तेव्हा सांगणारा माणूस बरोबर असतो. फाइल कुठे आहे ते एकमेकांना दाखवून ठेवा. वास्तुपुरुषाला तथास्तु म्हणायचंच असेल, तर तो दुरुस्त कागदालाही म्हणेल. आणि ज्यांना बँकेपर्यंत जाणं होत नाही, त्यांच्या घरी पोस्टमनही येऊन हा दाखला काढून देतो. पोस्टात चौकशी करा.

ह्यांना नुकतीच ऐंशी पूर्ण झाली. केंद्र सरकारच्या पेन्शनवाल्यांना ऐंशीनंतर मूळ पेन्शन २० टक्के वाढून मिळते, पंच्याऐंशीला ३०, नव्वदला ४०, पंच्याण्णवला ५०, आणि शंभरी गाठली की सरळ दुप्पट. हा तक्ता हल्ली आमच्या भिंतीवर कॅलेंडरशेजारी लावलेला आहे आणि हे रोज सकाळी फिरायला जातात. ऐंशीच्या पुढच्यांना दाखला नोव्हेंबरऐवजी १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. त्यामुळे यंदा महिनाभर आधीच आरशासमोर डोळे मिचकवायचा सराव चालू आहे. मी स्वयंपाकघरातून पाहते आणि मधूनच हाक मारते, "अजी, गाडी गेली!"