परक्याचा पैसा आणि कर्जफेडीची योजना

मनुस्मृतीत न्यायनिवाड्याची जी अठरा पदे सांगितली आहेत, त्यांत पहिले ऋणादान, म्हणजे कर्जाचे, आणि दुसरे निक्षेपाचे, म्हणजे विश्वासाने सोपविलेल्या वस्तूचे. ही दोन्ही एकाच व्यक्तीच्या ठायी एकत्र आली की पेच निर्माण होतो.

किराणा दुकान चालविणारी एक महिला बचत गटाची कोषाध्यक्ष आहे, असे समजू. गटाचे ४० हजार रुपये तिच्या स्वतःच्या बँक खात्यात आहेत. दुकान बुडाले, कर्जे थकली आणि तिने धनकोंपुढे कर्जफेडीची योजना मांडली. या ४० हजारांवर धनकोंचा हक्क पोहोचतो काय?

तत्त्वतः पोहोचत नाही. ऋणको ज्याचा मालक नाही, ते धनकोंना मिळू शकत नाही. कोलकाता, मुंबई व चेन्नई या शहरांसाठी असलेल्या १९०९ च्या नादारी अधिनियमाने विश्वस्त नात्याने धारण केलेली मालमत्ता वाटपातून स्पष्टपणे वगळली आहे. उर्वरित प्रदेशासाठी १९२० चा प्रांतिक अधिनियम आहे. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेनेही, कलम १५५ अन्वये, तेच तत्त्व स्वीकारले; कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीची व उपदानाची देय रक्कमही तिने वाटपाबाहेर ठेवली. मात्र परीक्षार्थींनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी: व्यक्तींविषयीचा संहितेचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून केवळ कंपन्यांच्या कर्जांना वैयक्तिक हमी देणाऱ्यांना लागू झाला आहे. आपली दुकानदार अद्याप जुन्याच कायद्याच्या कक्षेत येते.

अडचण तत्त्वाची नसून पुराव्याची आहे. पैशाला ओळख नसते. गटाची रक्कम व दुकानाचा गल्ला एकाच खात्यात मिसळला, तर कोणता रुपया कोणाचा? १८८२ च्या भारतीय विश्वस्त अधिनियमाचे कलम ६६ अशा मिश्रित रकमेवर लाभार्थीला भार सांगण्याचा अधिकार देते. परंतु खात्यात काही शिल्लकच नसेल आणि पैशाचा मागही लागत नसेल, तर गटातील स्त्रिया इतर धनकोंच्या रांगेत, तीही बहुधा शेवटी, उभ्या राहतात. रक्कम अप्रामाणिकपणे वापरली गेली असल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खालील फौजदारी न्यासभंगाचा प्रश्न उद्भवतो, आणि धनकोंनी योजना मंजूर केल्याने तो मिटत नाही.

मराठीतील ‘ठेव’ हा शब्द येथे फसवा आहे. शेजाऱ्याकडे ठेवलेले दागिने मालकाचेच राहतात. बँकेतील ठेव हे मात्र बँकेने घेतलेले कर्ज ठरते. म्हणूनच तिला विम्याचा आधार लागतो, आणि त्याची मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख रुपये झाली.

कायद्याचे हे संरक्षण ज्यांच्याकडे कागद आहे त्यांच्याच उपयोगी पडते, आणि गरिबांच्या व्यवहारात कागद क्वचितच असतो. या दृष्टीने १९९३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बचत गटांना स्वतःच्या नावे बचत खाते उघडण्याची दिलेली मुभा ही केवळ बँकिंगची सोय नव्हती. गटाच्या नावाचे खाते असले, तर कोषाध्यक्षा नादार झाल्यावरही त्या ४० हजारांच्या मालकीविषयी वाद उरत नाही. आणि योजना मांडताना तिलाही आपले काय व परक्याचे काय हे एका पासबुकावरून दाखविता येते.