मातीचे काम कोणी करायचे?



वर्तकनगरात पुनर्विकासाची कामे सुरू झाली, तसे म्हाडाच्या जुन्या इमारतींच्या पायथ्याशी असलेले मातीचे तुकडेही नाहीसे होऊ लागले. कढीपत्ता, अळू, जास्वंद, शेवगा हे सारे त्या वीतभर जागेत वाढत असे. नव्या इमारतीत घर मोठे मिळते, लिफ्ट मिळते. पण अंगण वाहनतळाखाली जाते. अशा कुटुंबाला मातीविना शेतीचे, म्हणजेच हायड्रोपोनिक्सचे, आकर्षण वाटले तर ते स्वाभाविक आहे. मात्र ही विद्या काय आहे आणि काय नाही, हे समजून घेतल्यावाचून एक रुपयाही खर्च करू नये.

घरोघरी बाटलीतल्या पाण्यात मनी प्लांट असतो. तो जगतो, पण जमिनीतल्या वेलासारखा बहरत नाही. कारण नळाच्या पाण्यात त्याच्या अन्नाचा अंशच असतो. ते अन्न मोजून पाण्यात घातले की झाली मातीविना शेती. तत्त्व एवढेच.

या तत्त्वापर्यंत पोहोचायला मात्र मानवाला शतके लागली. सतराव्या शतकात व्हॅन हेल्मॉन्ट या युरोपीय संशोधकाने सुमारे ९० किलो कोरडी माती कुंडीत भरून तीत विलोचे रोप लावले आणि पाच वर्षे केवळ पाणी घातले. झाड सुमारे ७४ किलोने वाढले. मातीचे वजन घटले ते जेमतेम ६० ग्रॅम. झाड पाण्यापासूनच बनते, असा निष्कर्ष त्याने काढला. तो अपुरा होता, कारण झाडाच्या देहातील कर्ब हवेतून येतो, हे तेव्हा ठाऊक नव्हते. पण ते ६० ग्रॅम महत्त्वाचे. नत्र, स्फुरद, पालाश, कॅल्शियम, मॅग्नेशियम, गंधक, लोह आणि सूक्ष्म मात्रेतील जस्त, तांबे, बोरॉन यांसारखी द्रव्ये मुळांवाटेच येतात. १८६० च्या सुमारास जर्मनीत साक्स आणि क्नोप यांनी हे क्षार पाण्यात विरघळवून रोपे वाढवून दाखविली. पुढे कॅलिफोर्नियात गेरिके यांनी १९२९ पासून हा प्रयोग प्रयोगशाळेबाहेर काढला; हायड्रोपोनिक्स हा शब्द रूढ झाला तो त्यांच्यामुळे.

भारताचा या इतिहासातील वाटा फारसा सांगितला जात नाही. १९४६ मध्ये शोल्टो डग्लस यांनी बंगालमध्ये या पद्धतीचे प्रयोग आरंभिले. महागडी यंत्रे टाळून खडी, वाळू, विटांचे तुकडे अशा स्थानिक सामग्रीवर त्यांनी पद्धत बसविली आणि १९५१ मध्ये 'बंगाल पद्धत' या नावानेच तिचे पुस्तक निघाले. आज आयात केलेले चकचकीत संच पाहून दिपणाऱ्यांनी हे अवश्य लक्षात घ्यावे.

आता खरा प्रश्न. माती मुळांना आधार देते, ओलावा धरते, हवा खेळवते, अन्न साठवते आणि माणसाच्या लहानसहान चुका पोटात घालते. माती काढली की ही पाचही कामे माणसाच्या अंगावर येतात. द्रावणाचा सामू साधारण साडेपाच ते साडेसहा ठेवावा लागतो. तो बिघडला तर पाण्यात लोह असूनही पाने पिवळी पडतात. कॅल्शियम नायट्रेट आणि सल्फेट वा फॉस्फेटयुक्त क्षारांची घट्ट द्रावणे एकत्र केली तर साका तळाशी बसतो आणि अन्न वाया जाते. म्हणून खताच्या दोन बाटल्या वेगळ्या असतात. पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू घटतो, मुळे कुजतात. ठाण्याच्या एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवरील उघड्या टाकीत हेच घडते. नळीतून पाण्याचा पातळ थर फिरविणाऱ्या संचात पंप थांबला तर भर उन्हात रोपे काही तासांत माना टाकतात.

लाभही खोटे नाहीत. अमेरिकेतील ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये लेट्यूसची तुलना प्रसिद्ध केली. त्यांच्या हिशेबात नियंत्रित हरितगृहातील जलशेतीने तेवढ्याच क्षेत्रात सुमारे ११ पट उत्पन्न दिले आणि पाणी सुमारे तेराव्या हिश्शाइतके लागले. मात्र ऊर्जा लागली सुमारे ८२ पट, मुख्यतः तापमान राखण्यासाठी. विक्रेत्याच्या पत्रकात पहिले दोन आकडे असतात, तिसरा नसतो. हमखास परताव्याचे आमिष दाखवून अशा शेतीसाठी ठेवी मागणाऱ्याला तर दारातूनच नमस्कार करावा. मक्याच्या चाऱ्याचेही तसेच. किलोभर मक्याचा आठवड्यात पाच-सहा किलो हिरवा चारा होतो. पण वाढलेले वजन बहुतांशी पाण्याचे असते, शुष्क भाग मूळ दाण्यापेक्षा कमीच भरतो. टंचाईत हिरवा घास मिळतो हे मोल खरे, दाणा पाचपट झाला हे नव्हे.

दुसरी वाटही आहे, आणि ती मराठी मातीतली आहे. प्रयोग परिवाराचे श्रीपाद अच्युत दाभोलकर यांनी पालापाचोळा, सूर्यप्रकाश आणि सूक्ष्मजीव यांच्या आधारे अल्प जागेत विपुल पीक घेण्याचे शास्त्र मांडले. त्याच विचाराने मुंबई बंदराच्या मध्यवर्ती उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ मध्ये बाग उभारायला घेतली. उपाहारगृहातला ओला कचराच तिथे खत झाला. जलशेती मातीला वगळते, ही वाट सिमेंटवर नवी माती घडविते. ज्या सोसायटीला गच्ची आहे, तिने दुसऱ्या वाटेचा विचार आधी करावा; गच्चीचा भार आणि जलरोधन जाणकाराकडून तपासून घेऊनच. केवळ खिडकीची जाळी हाती असलेल्या घराला पहिली वाट सोयीची.

अशा घराने पंपाच्या भानगडीत पडू नये. एक अपारदर्शक डबा घ्यावा, म्हणजे शेवाळ धरणार नाही. झाकणाला भोक पाडून जाळीचा पेला बसवावा. त्यात नारळाच्या सोडणाचा, दोन-तीनदा धुऊन खारटपणा काढलेला, भुसा आणि विटांचे बारीक खडे भरावेत. मुळांची टोके द्रावणात आणि वरचा भाग हवेत राहील एवढेच पाणी ठेवावे. थंडीत पालक, उन्हाळ्यात माठ, पुदिना मात्र बहुतेक काळ साथ देतो. चार-पाच तास ऊन हवेच. ते नसेल तर खत वाढवून उपयोग नाही. वृंदावनातील तुळस आपली मातीतच बरी! दर पंधरवड्याला द्रावण बदलताना जुने पाणी मोरीत ओतू नये. दुप्पट साध्या पाण्यात मिसळून ते जास्वंदीच्या कुंडीला घालावे, त्यात अजून अन्न शिल्लक असते.