वीजबिल खात्यातून परस्पर भरताना
(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या ज्येष्ठ सभासद मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींनी विषय देतानाच मला बजावलं आहे, "काका, वीस मिनिटांत आटपा, नंतर बटाटेवडे आहेत." त्यामुळे प्रस्तावना न करता मुद्द्यावर येतो.

ज्येष्ठ सभासदांची वीजबिलं आणि चेक गोळा करून भरणा केंद्रावर नेण्याची जी सोय आपल्याकडे वॉचमनमार्फत इतकी वर्षं चालली, ती कमिटीला बंद करायची आहे. एजन्सी बदलते, नवा मुलगा चार महिने टिकत नाही, त्याच्या हाती वीस-पंचवीस घरांचे चेक द्यायचे का? माझं मत विचाराल तर देऊ नयेत. पण मग ज्यांची मुलं बंगळुरूला नाहीतर बॉस्टनला आहेत, ज्यांना गुडघ्यांमुळे रांगेत उभं राहवत नाही आणि मोबाईलवरून पैसे पाठवताना हात थरथरतो, त्यांनी काय करायचं? त्यांना सांगितलं जातं, "ऑटो डेबिट करून टाका." करून टाका म्हणणं सोपं आहे. आपण कशावर सही करतोय, हे मात्र कुणी सांगत नाही. ते सांगायला मी उभा आहे.

मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत नोकरी केली, त्यातली बरीच वर्षं क्लिअरिंगमध्ये गेली. चेक देतो तेव्हा पैसे आपण ढकलतो. रक्कम आपण लिहितो, तारीख आपण घालतो. थेट डेबिटमध्ये उलटं असतं. समोरची कंपनी आपल्या खात्यातून पैसे ओढते, आणि आपण त्या ओढण्याला आगाऊ परवानगी दिलेली असते. या परवानगीला बँकेच्या भाषेत मॅंडेट म्हणतात. नव्वदच्या दशकात रिझर्व्ह बँकेने ईसीएस आणलं, तेव्हापासून ही पद्धत आहे. पुढे नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनचं 'नाच' आलं. हो, स्पेलिंगप्रमाणे उच्चार तोच होतो, आणि शाखेत नवीन पोरं त्यावर पुरेसे विनोद करून घेत असत. २०२० साली यूपीआय ऑटोपे आलं. नावं बदलली, तत्त्व एकच: ओढणारा तो, परवानगी आपली.

आता तो फॉर्म नीट बघा. त्यात रक्कम 'ठरावीक' की 'कमाल', असा एक रकाना असतो. वीजबिल दर महिन्याला वेगळं, म्हणून 'कमाल' निवडायचं. आणि तिथे आपले लोक काय करतात? समोरचा मुलगा म्हणतो, "काका, पन्नास हजार टाका, म्हणजे कधी अडकणार नाही." अहो, तुमचं बिल अठराशे रुपयांचं! पन्नास हजार कशाला? मीटरच्या रीडिंगमध्ये एखादा आकडा चुकला आणि अठराशेच्या जागी अठरा हजारांचं बिल आलं, तर ते निमूटपणे वळतं होईल. पेन्शनच्या खात्यात अठरा हजार म्हणजे औषधं, दूध आणि कामवालीचा पगार. कमाल मर्यादा ही त्या फॉर्ममधली आपल्या बाजूची एकच ओळ आहे, ती आपण स्वतः भरायची. गेल्या बारा महिन्यांची बिलं काढा, त्यातलं सगळ्यात मोठं, बहुधा मे महिन्याचं, ते घ्या आणि त्यावर पाव पट वाढवा. अडीच हजार असेल तर तीन हजार शंभर-दोनशे. फार कमीही ठेवू नका, नाहीतर नातवंडं सुट्टीला येतील, एसी दिवसरात्र चालेल आणि डेबिट नाकारलं जाईल.

नाकारलं गेलं तर काय? खात्यात शिल्लक नाही म्हणून डेबिट परत गेलं, तर बँक दंड लावते आणि त्यावर जीएसटीही. शिवाय पुष्कळांना ठाऊक नसतं, पण चेक न वटल्यास जसं कलम १३८ आहे, तसंच २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्यात इलेक्ट्रॉनिक डेबिटसाठी कलम २५ आहे. घरगुती वीजबिलापायी कुणी कोर्टात खेचला गेल्याचं मी पाहिलेलं नाही. पण परवानगी म्हणजे चेकइतकीच गंभीर गोष्ट आहे, एवढं ध्यानात ठेवा. आणि २०२१ च्या ऑगस्टपासून नाच रविवारी, सुट्टीच्या दिवशीही चालतं. "उद्या बँक बंद आहे, परवा पैसे भरू" हा आपला जुना हिशेब आता चालत नाही.

पैसे एकदा गेले की परत मिळतात का, हा प्रश्न मला जिन्यात हमखास विचारला जातो. डेबिट तुमच्या मर्यादेत असेल, तर चुकीच्या बिलासाठी बँक पैसे परत आणून देत नाही. तक्रार वीज कंपनीकडे करायची, बिल दुरुस्त होतं आणि जास्तीची रक्कम पुढच्या बिलांत वळती होते. म्हणजे पैसे बुडत नाहीत, पण अडकतात. याउलट बिल भरायच्या आधी वाद उभा केला, तर २००३ च्या वीज कायद्याचं कलम ५६ तुमच्या बाजूला आहे. मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यातली जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरली, तर वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. डेबिट होऊन गेल्यावर हा हक्क वापरायला जागाच उरत नाही. म्हणून बिल आलं की वाचायचं. मीटरवरचं रीडिंग आणि बिलावरचं रीडिंग ताडून बघायचं. आपले मीटर तळमजल्यावर आहेत, संध्याकाळी बाकावर बसायला जाताच ना? कार्ड किंवा यूपीआयवरून मॅंडेट असेल तर डेबिटच्या किमान २४ तास आधी सूचना यायलाच हवी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि वीजबिलासारख्या खर्चात १५,००० रुपयांच्या वरची रक्कम तुमच्या वेगळ्या मंजुरीशिवाय जात नाही. तो मेसेज जाहिरात समजून पुसू नका.

थोडं पैशांचं गणित. महावितरणच्या बिलावर भरण्याच्या वेगवेगळ्या तारखा आणि त्यापुढे वेगवेगळ्या रकमा असतात. बिलाच्या तारखेपासून सात दिवसांत भरलं तर कर आणि शुल्क वगळून एक टक्का सूट. मुदत उलटली की सव्वा टक्का आकार. ऑनलाइन भरण्याबद्दल पाव टक्का सूट, आणि कागदी बिल सोडून ई-बिल घेतलं की गो-ग्रीनची वेगळी. दोन हजारांच्या बिलात सात दिवसांची सूट सतरा-अठरा रुपये, ऑनलाइनची चार रुपये. चार रुपयांत हल्ली कटिंगही मिळत नाही. पण सतरा रुपयांचं म्हणाल, तर ऑटो डेबिट शेवटच्या तारखेला लावलंत की ती सूट हातची जाते. तारीख निवडायची सोय असेल तर लवकरची घ्या. मात्र पेन्शन जमा होण्याच्या आदल्या दिवशीची नको.

आता ज्यासाठी मी हा विषय स्वीकारला ते. आपल्याच सोसायटीतली गोष्ट आहे, नाव आणि विंग सांगत नाही, संबंधितांनी परवानगी दिली आहे. भाऊंनी सगळं शिस्तीत लावून ठेवलं होतं. वीज, फोन, गॅस, सगळं त्यांच्या एकट्याच्या खात्यातून परस्पर जायचं. कागदी बिल बंद, ई-बिल त्यांच्या ईमेलवर, मेसेज त्यांच्या मोबाईलवर. ते गेले. मुलाने योग्य तेच केलं, बँकेला मृत्यूची सूचना दिली. त्या दिवसापासून खातं थांबलं, कारण माणूस गेला की त्याने दिलेली परवानगीही संपते. फोन बंद करून कपाटात ठेवलेला. वहिनींना पंचेचाळीस वर्षांत वीजबिल कसं दिसतं हे बघायची वेळ आली नव्हती. तिसऱ्या महिन्यात लाईनमन दारात उभा राहिला. पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, तीही त्या मोबाईलवर येऊन पडली होती. आपल्या खजिनदारांनी त्याच संध्याकाळी पैसे भरले म्हणून वीज राहिली. वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, बिल भरायला पैसे होते हो. बिल आहे हेच माहीत नव्हतं."

यात दोष कुणाचा? कुणाचाच नाही, बँकेचा नाही की वीज कंपनीचाही नाही. इतकी सुरळीत व्यवस्था की ती एकाच माणसाच्या डोक्यात आणि एकाच फोनमध्ये राहिली. म्हणून मॅंडेट संयुक्त खात्यावर द्या, 'दोघांपैकी कुणीही किंवा हयात असलेला' अशा खात्यावर. तरीही ज्याची सही होती तो गेल्यावर नवं मॅंडेट करून घ्या. बिलाचा ईमेल एकाचा, मोबाईल दुसऱ्याचा असा नोंदवा. आणि एका वहीच्या पानावर बारा अंकी ग्राहक क्रमांक, बिलिंग युनिट, कोणत्या बँकेतून कोणत्या तारखेला काय जातं, कमाल मर्यादा किती, हे लिहून ते पान रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा. मीटर अजून वडिलांच्या किंवा बिल्डरच्या नावावर असेल तर तेही हयातीत बदलून घ्या, मागाहून कागद जमवताना दमछाक होते. पुरुष मंडळींनी हे घरी बसून बायकोला समजावून सांगावं. काही घरांत उलटही आहे. आमच्याकडे सगळं हिच्याच हातात आहे, मी फक्त व्याख्यानं देतो.

मेसेजांबद्दल एक. "आज रात्री साडेनऊ वाजता तुमची वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा" असे मेसेज येतात. ती चोरी आहे. फोन करायचा नाही, लिंक उघडायची नाही, कुणी सांगितलं म्हणून अॅप उतरवायचं नाही. यूपीआयचा पिन टाकून ऑटोपेला मंजुरी मिळते, तेव्हा कशासाठी पिन मागतोय ते वाचल्याशिवाय बोट लावू नका. पैसे मिळण्यासाठी पिन कधीच लागत नाही.

सोसायटीच्या लिफ्ट-पंपाच्या बिलाबद्दल कमिटीने विचारलं होतं. माझा विरोध नाही, पण निवडणूक झाली की बँकेत सह्या बदलतात आणि मेसेज मात्र जुन्या सेक्रेटरींच्या मोबाईलवर जात राहतात. तो नंबर आधी बदला, आणि बिल जोडल्याशिवाय व्हाउचर पास करू नका. बाकी ऑडिटर सांगतीलच.

येत्या रविवारी आणि त्यापुढच्या रविवारी सकाळी दहा ते बारा मी सोसायटीच्या ऑफिसात बसणार आहे. बी विंगमधली आपली कॉलेजची दोन मुलंही असतील. येताना शेवटची बारा बिलं, एक रद्द केलेला चेक आणि पासबुक आणा. चष्मा विसरू नका, बँकेतल्या सहीसारखीच सही करावी लागते. पिन आणि ओटीपी घरी ठेवून या, आम्हाला सांगू नका. ज्यांना जिना उतरवत नाही त्यांनी इंटरकॉमवर कळवावं, आम्ही वर येऊ. आता कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा, वडे तळायला अजून पाच मिनिटं आहेत असं समजतं.