चित्राखाली किंमत लिहा

आज मी चित्रकार आणि शिल्पकार मंडळींशी बोलणार आहे, आणि त्यातही कर्जत-खालापूर भागात राहून काम करणाऱ्यांशी. विषय आहे कलाकाराची वेबसाइट. ती कशी असली म्हणजे काम लोकांपर्यंत पोचेल आणि विकलंही जाईल?

नेरळ, कर्जत, चौक, खोपोली या पट्ट्यात कलावंत आहेत. मुंबईत स्टुडिओ परवडेना म्हणून कुणी इकडे आलं आहे. कुणी शाळेत चित्रकला शिकवतात आणि रात्री स्वतःचं काम करतात. कला-दिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ मध्ये इथे एन. डी. स्टुडिओ उभारला, त्यामुळे सेट रंगवणारे, साचे काढणारे हातही या भागात कामाला लागले. अडचण या सगळ्यांची सारखीच आहे. गिऱ्हाईक मुंबई-पुण्यात आणि आपण मधल्या मध्ये. कर्जत स्टेशन सीएसएमटीपासून शंभर किलोमीटरवर. जहांगीर आर्ट गॅलरीत तारीख मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं, मिळालीच तर प्रदर्शन आठवडाभराचं, आणि उरलेली चित्रं टेम्पोत घालून परत. वेबसाइट ही अडचण पुष्कळ हलकी करू शकते. तरीही कितीतरी कलाकारांच्या वेबसाइटवरून एक चित्र विकलं जात नाही, आणि त्याचं कारण तंत्रज्ञानात नसतं.

ती वेबसाइट गिऱ्हाइकासाठी केलेलीच नसते, हे खरं कारण. उघडली की आधी पुरस्कारांची यादी, मग दीपप्रज्वलनाचे फोटो, मग कलेविषयीचं लांबलचक निवेदन. चित्रं त्यानंतर. चित्रावर बोट ठेवलं की ते मोठं होतं, एवढंच. केवढं आहे, कशावर केलं आहे, विकायचं आहे का, कितीला, यातलं काही नाही. खाली एक ओळ: अधिक माहितीसाठी संपर्क साधा.

माणूस संपर्क साधत नाही. ज्यानं आयुष्यात कधी चित्र विकत घेतलेलं नाही, त्याला वाटतं की किंमत लाखांत असणार. विचारल्यावर परवडलं नाही तर कलाकाराला नाही कसं म्हणायचं, हा संकोच वेगळाच. तो फोन खिशात ठेवतो आणि विषय संपतो. म्हणून माझा पहिला आग्रह हा, की प्रत्येक चित्राखाली किंमत लिहा. आकड्यात लिहा. किंमत लिहिली की कलेचा बाजार होतो असं आपल्याकडे अनेकांना वाटतं. मला ते मुळीच पटत नाही. रंग, कॅनव्हास, फ्रेम सगळं तुम्ही रोख पैसे देऊन आणता आणि त्यावर महिनोन्‌महिने घालवता. त्या कष्टाचं मोल उघडपणे सांगण्यात कमीपणा कसला?

किंमत ठरवायची कशी, हा पुढचा प्रश्न. सुरुवातीला मापावर ठरवणं सोपं जातं. समजा बारा बाय सोळा इंचाचं चित्र आहे. म्हणजे १९२ चौरस इंच. तुम्ही चौरस इंचाला ४० रुपये धरलेत तर ७,६८० होतात. ७,५०० किंवा ८,००० लिहा. दर तुमच्या अनुभवाप्रमाणे कमी-जास्त होईल. अगदी लहान चित्रांना तो थोडा चढा ठेवावा, कारण फ्रेम आणि बांधणीचा खर्च फारसा घटत नाही. मात्र एक पथ्य पाळा. गॅलरीत जी किंमत, तीच वेबसाइटवर. गॅलरीचं कमिशन वाचतं म्हणून वेबसाइटवर स्वस्त दिलंत, तर गॅलरी पुन्हा दारात उभं करणार नाही आणि आधी घेतलेल्या माणसालाही फसल्यासारखं वाटेल. विकलेली चित्रं काढून टाकू नका. त्यांच्याखाली 'विकलं गेलं' असं लिहून ती राहू द्या. नव्या माणसाला त्यातून धीर येतो.

आता फोटो. यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही, उजेड लागतो. कर्जतचा पाऊस बाकी सगळ्या कामांना त्रास देत असला, तरी ढगाळ दिवसाचा मऊ, सावली न पाडणारा उजेड चित्राच्या फोटोला उत्तम. पडवीत चित्र भिंतीला सरळ उभं करा. काच असेल तर फ्रेममधून काढा. फोनचं भिंग पुसा, फ्लॅश बंद करा, फोन चित्राच्या बरोबर मधोमध आणि समांतर धरा. जवळ एक पांढरा कागद ठेवून पाहा. फोटोत तो पिवळट किंवा निळसर दिसला, तर चित्राचे रंगही खोटे आलेत असं समजा. एक पूर्ण चित्राचा फोटो, एक ब्रशचा फटकारा दिसेल इतका जवळून, आणि एक घरातल्या भिंतीवर, शेजारी खुर्ची ठेवून घेतलेला. या तिसऱ्यावर माझा फार भर आहे. २४ बाय ३६ इंच म्हणजे केवढं, हे आकड्यावरून डोळ्यांपुढे येत नाही. खुर्ची शेजारी दिसली की लगेच येतं. फोटो वेबसाइटवर चढवण्याआधी त्यांचा आकार कमी करा. बघणारा मोबाइलवर बघतो, आणि पान उघडायला वेळ लागला की निघून जातो.

शिल्पकारांनी आणि सेटचं काम करणाऱ्यांनी तर फोटोंची दुप्पट काळजी घ्यावी. शूटिंग संपलं की सेट मोडतो. मागे पुरावा राहतो तो फोटोचाच. त्याखाली निर्मितीचं नाव, साल आणि त्यातलं तुमचं नेमकं काम लिहा. फोटो जाहीर करायला निर्मात्याची परवानगी मात्र आधी घ्या.

आपल्या भागाची एक जमेची बाजू कलाकारांच्या नीट लक्षात आलेली नाही. शनिवार-रविवारी इथे फार्महाउसवर येणाऱ्या कुटुंबांच्या भिंती रिकाम्या आहेत, आणि त्यांना खिडकीतून जो डोंगर दिसतो त्याचंच चित्र हवं असतं. माथेरान, पेबचा किल्ला, इर्शाळगड, कोंढाण्याची लेणी, पावसातली उल्हास नदी. चित्राला नुसतं 'निसर्ग ४' असं नाव दिलंत तर शोधणाऱ्याला ते सापडणार कसं? गूगल शब्द वाचतं. 'इर्शाळगड, जुलैमधली सकाळ, जलरंग' असं लिहा, मराठीत लिहा आणि इंग्रजीतही लिहा. स्टुडिओ कुठल्या वारी उघडा असतो, कर्जतला उतरायचं की भिवपुरीला, तिथून रिक्षा मिळते का, हेही एका पानावर सांगा. वेबसाइटवर पाहिलेलं चित्र प्रत्यक्ष बघायला येणारा माणूस बहुधा घेण्याच्या तयारीनंच येतो.

ज्यांना मूळ चित्र परवडत नाही त्यांचं काय? याचं उत्तर घाटाच्या वर, लोणावळ्याजवळच्या मळवलीत मिळतं. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापखाना काढला आणि पुढे तो मळवलीला हलवला. एरवी संस्थानिकांच्या महालांत राहिली असती ती चित्रं त्या छापखान्यामुळे सामान्यांच्या देवघरात पोचली. आज हेच काम चांगल्या कागदावरच्या छापील प्रती करतात. प्रतींची संख्या आधी ठरवा, प्रत्येकीवर क्रमांक आणि सही करा, आणि वेबसाइटवर 'मूळ चित्र' व 'छापील प्रत' हे शब्द ठळक, वेगवेगळे लिहा. तिथे संदिग्धता ठेवणं म्हणजे गिऱ्हाइकाची फसवणूक.

प्रती काढायच्या तर हक्काचं भान हवं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे मूळ चित्र विकलं म्हणून त्याचा कॉपीराइट विकला जात नाही. तो लेखी करारानंच दुसऱ्याकडे जातो, आणि कलाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. पण कुणी पैसे देऊन स्वतःचं व्यक्तिचित्र काढून घेतलं, तर वेगळा करार नसल्यास कॉपीराइटचा पहिला मालक तोच ठरतो. म्हणून ऑर्डरची कामं घेणाऱ्यांनी दोन ओळींचा लेखी करार करायलाच हवा.

वेळापत्रकाचा धडा शेजारच्या पेणकडून घ्यावा. हमरापूर, जोहे इथल्या कारखान्यांतून परदेशी जाणाऱ्या गणेशमूर्ती सणाच्या कितीतरी महिने आधी निघतात, कारण बोटीनं जायला वेळ लागतो. तुम्हीही दिवाळी किंवा वाढदिवसाच्या भेटीसाठी ऑर्डर कधीपर्यंत घेणार आणि चित्र किती दिवसांत पोचणार, ते स्पष्ट लिहा. पैसे यूपीआयनं घ्या, पावती द्या. राज्याबाहेर विक्री सुरू झाली की जीएसटीबद्दल हिशेबनीसाला विचारा. पावसाळ्यात कागदावरच्या कामाला इकडे बुरशी लवकर धरते, तेव्हा जून ते सप्टेंबर बांधणीत ओल शोषणाऱ्या पुड्या घाला आणि बाहेरून प्लास्टिकचं आवरण द्या. काचेची फ्रेम कुरिअरनं पाठवू नका. चित्र गुंडाळून पाइपात पाठवता येत असेल तर तसं पाठवा.

डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलवर घ्या. भाचा किंवा ओळखीचा मुलगा वेबसाइट करून देत असेल तर जरूर घ्या मदत, पण पासवर्ड तुमच्याकडे हवा आणि नूतनीकरणाची तारीख घरच्या कॅलेंडरवर हवी. मुदत टळली की ते नाव दुसरा कुणी घेऊ शकतो.

वेबसाइटसाठी कुणालाही पैसे देण्याआधी या आठवड्यात एक वही करा. घरातलं प्रत्येक चित्र भिंतीवरून, माळ्यावरून खाली काढा, मोजा, आणि त्याचं नाव, माप, माध्यम, साल लिहा. किमतीचा रकाना मात्र रिकामा ठेवू नका.